कॅम्पातून आलेले शब्द

धाकट्या दिराचं लग्न बेळगावच्या कॅम्पातल्या मुलीशी ठरलं, तेव्हा गुंजीतल्या बायकांनी मालुबाईला आधीच बजावलं होतं, की कॅम्पातली पोरगी म्हणजे उन्हं वर आल्यावर उठणारी, चहाशिवाय डोळे न उघडणारी, ती काही शेणात हात घालायची नाही. मालुबाईला ते ऐकून आतून बरंच वाटलं होतं. नऊ वर्षं ती या घरात एकटीच सून होती. अशी जाऊ आली, तर आपण काय करत होतो ते सासूला आपोआप दिसेल, असं तिनं मनाशी धरलं होतं. पण मनुबाई आली आणि दुसऱ्याच दिवशी फटफटायच्या आत गोठा झाडून, पाणी भरून, चुलीपुढं बसलेली दिसली. मालुबाईच्या मनातलं मनातच राहिलं.

मनुबाईचा बाप कॅम्पातल्या एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर बागेचं काम करी. बंगल्यामागच्या खोलीत ती वाढली आणि कळती झाल्यावर चार-पाच वर्षं मडमेची लहान मुलगी सांभाळायचं काम तिच्याकडं होतं. लिहिण्यावाचण्याच्या नावानं एक अक्षर येत नव्हतं; पण साहेबाच्या घरातले रोजच्या बोलण्यातले शे-दीडशे शब्द तिच्या जिभेवर असे बसले होते, की बोलताना आपले कुठले आणि साहेबाचे कुठले हे तिचं तिलाही कळत नसे. तिचा नवरा शामू, म्हणजे मालुबाईचा धाकटा दीर, तेव्हा बेळगाव स्टेशनात रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला होता. लग्न झालं आणि महिन्याभरात त्याची बदली गुंजीला, म्हणजे घरच्याच गावात झाली. नवरा-बायको घरी राहायला आले. सन पस्तीसचा तो सुमार.

पहिला खटका उडाला तो पाण्यावरून. मनुबाई रानातून गवताचा भारा घेऊन आली, घामाघूम झाली होती. मालुबाईनं थोरलेपणानं तांब्या पुढं केला. मनुबाई घटाघट पाणी प्याली, तिनं तांब्या परत दिला आणि म्हणाली, "थँक्यू, आक्का."

मालुबाईला त्यातलं फक्त थू ऐकू आलं. ती तशीच ताडताड आत गेली आणि सासूला म्हणाली, की पाणी दिल्यावर थू म्हणणारी सून आणलीय तुम्ही. गुणाबाई म्हातारी शांत बाई. तिनं शामू कामावरून येईपर्यंत वाट पाहिली आणि त्याला विचारलं. शामू पोट धरधरून हसला. म्हणाला, ते थुंकणं नव्हे, उपकार मानलेत तिनं वैनीचे. साहेबाच्यात मीठ जरी हातात दिलं तरी असं म्हणतात.

सगळे हसले. मालुबाईही कसनुसं हसली. पण भांडी घासताना ते तिच्या डोक्यातून जाईना. घरातल्या माणसाचे उपकार कोण मानतं? उपकार परक्याचे मानायचे. असं म्हणून ती कढई घासत राहिली, आणि घासता घासता तिच्या लक्षात आलं, की नऊ वर्षांत तिनं या घरात किती तांबे भरून दिले असतील, त्यातल्या एकाही तांब्यावर कुणी तिला काहीही म्हटलं नव्हतं. पाणी दिलं, पाणी प्याले, तांब्या खाली ठेवला. आजपर्यंत त्यात काही कमी आहे असं तिला वाटलंच नव्हतं. आता वाटलं, आणि ज्या बाईमुळं वाटलं तिचाच तिला राग आला.

पुढं त्या शब्दांना सुमारच राहिला नाही. सकाळी दार उघडलं की मनुबाई गाईला गुड मॉर्निंग म्हणे. वासरू अडलं की कम ऑन, कम ऑन. मालुबाईच्या पाच वर्षांच्या लेकीनं ताट चाटून पुसून खाल्लं की व्हेरी गुड. पोरगी तर त्या शब्दांसाठी वेडीच झाली. आईच्या हातचा घास नको म्हणणारी पोर चुलतीपुढं बसून प्लीज, प्लीज करत भाकरी मागे. शेजारच्या बायका मुद्दाम काहीतरी निमित्त काढून येत आणि म्हणत, मने, बोल की गं तुझं कॅम्पातलं. मनुबाई लाजे, पण बोले. म्हातारी कोपऱ्यात वाती वळत बसलेली असे, तीही गालातल्या गालात हसे. मालुबाई त्या वेळी नेमकी परसात जाई. बायका गेल्यावर परत येई आणि विनाकारण लेकीला दटावी.

खरी ठिणगी पडली ती एका बाजारच्या दिवशी. शामूनं बायकोला खानापूरच्या बाजाराला न्यायचं कबूल केलं होतं. मनुबाई नेसून, वेणी घालून पडवीत बसली होती. पण कॅसलरॉककडून येणारी मालगाडी रखडली आणि शामूला स्टेशनातून सुटताच येईना. तो आला तेव्हा बाजार उठायची वेळ झाली होती. आता धाकटी आदळआपट करणार, या अपेक्षेनं मालुबाई चुलीपाशी कान देऊन बसली. शामू पडवीत टेकला आणि हळू आवाजात म्हणाला, "सॉरी."

मग मनुबाई म्हणाली, "नेव्हर माइंड." आणि हसली. शामूही हसला. एवढंच. ती आत आली, चांगलं लुगडं बदललं आणि निवडायला तांदूळ घेऊन बसली.

मालुबाईला राहवेना. तिनं विचारलं, "सॉरी म्हंजे काय गं?"

"माझं चुकलं, असं हाय ते, आक्का. पाय लागला, धक्का लागला, उशीर झाला, काय बी झालं तर म्हणायचं."

"बाप्यानं बाईला?"

"कुणीबी कुणाला. आमचा साहेब मडमेला दिवसातनं धा येळा म्हणायचा."

चुलीत फुंकर घालायच्या निमित्तानं मालुबाईनं तोंड फिरवलं. तिचा नवरा मष्णू काही वाईट माणूस नव्हता. दारू नाही, मारहाण नाही, दिवसभर बैलासारखा राबायचा. पण तीन वर्षांपूर्वी, मालुबाईनं माहेरून आणलेली कालवड त्यानं आपल्या बहिणीच्या लग्नात आंदण म्हणून देऊन टाकली होती. मालुबाईला विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. ती सकाळी गोठ्यात गेली तर दाव्याची गाठ रिकामी. तिनं त्या दिवशी भाकरी खाल्ली नाही. दुसऱ्या दिवशी खाल्ली. मष्णूनं त्यावर अवाक्षर काढलं नाही, आणि गोष्ट विसरली गेली, असं घरातल्या सगळ्यांनी धरलं. मालुबाईनंही धरलं होतं. पण आता तिला वाटायला लागलं, की त्या दिवशी हा माणूस गोठ्याच्या दारात येऊन तेवढा एक शब्द बोलला असता, तर आपण दहा कालवडी दिल्या असत्या. हा शब्द जगात होता. रेल्वेच्या पगारावर राबणाऱ्या शामूला मिळाला होता. फक्त आपल्यापर्यंत पोचला नव्हता.

मग तिनं एक वेडेपणा केला. चोरून चोरून ते शब्द ऐकून ठेवले, परसात एकटी असताना पुटपुटून पाहिले. तोंड वेडंवाकडं व्हायचं, पण दोन-तीन जमले. एके दिवशी ती डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन आली तेव्हा मष्णू अंगणात होता. त्यानं पुढं होऊन मोळी उतरवून घेतली. मालुबाईनं पदर सारखा केला, धीर केला आणि म्हणाली, "थँक्यू."

मष्णू तिच्याकडं बघतच राहिला. "काय म्हणालीस?"

तिनं मान हलवली आणि घरात गेली. तिला वाटलं, झालं ते झालं. पण संध्याकाळी सगळे जेवायला बसल्यावर, कधी नव्हे तो मष्णूला बोलायला विषय मिळाला. तो शामूला म्हणाला, तुझी वैनी आज मडम झालती. म्हातारी हसली, शामू हसला, पोरगी टाळ्या वाजवायला लागली. एकटी मनुबाई हसली नाही. तिचे डोळे आनंदानं मोठे झाले होते. ती म्हणाली, "आक्का, अगदी बरोबर जाग्यावर म्हणालासा."

हसणाऱ्यांचं मालुबाईला काही वाटलं नाही. मनुबाईची ती शाबासकी मात्र तिच्या अंगावर उकळत्या तेलासारखी पडली. नऊ वर्षं हे घर सांभाळलेल्या बाईला काल आलेली पोर पाठ थोपटून सांगत होती, की तुला जमलं. त्या दिवसापासून तिनं धाकटीशी लागेल तेवढंच बोलायचं ठरवलं.

कार्तिकात भातकापणी चालू होती. गुणाबाई गोठ्यातून शेणाची पाटी घेऊन येत होती, उंबऱ्यावर पाय घसरला आणि पाटीसकट खाली आली. मालुबाई परसात कपडे धूत होती. आवाज ऐकून ती धावली, पण मनुबाई आधी पोचली होती. ती तिथंच शेणात बसकण मारून, म्हातारीचा पाय मांडीवर घेऊन, घोट्यावरून हळूहळू हात फिरवत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडानं ती पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती, "पुअर थिंग, पुअर थिंग." म्हातारीनं तिच्या खांद्यात बोटं रुतवली होती.

मालुबाई दारात उभी राहिली. पुढं होऊन ती काय करणार होती? धरायला जागाच उरली नव्हती.

हाड मोडलं नव्हतं, पण पाय डेऱ्यासारखा सुजला. पंधरा दिवस म्हातारी अंथरुणावर होती, आणि त्या पंधरा दिवसांत तिला दर गोष्टीला मनुबाईच लागे. हळदीचा लेप तिनंच लावावा, तिच्याच खांद्याचा आधार, पेजसुद्धा तिच्याच हातची. मालुबाईनं एकदा लेप लावायला घेतला तर म्हातारी म्हणाली, ऱ्हाऊ दे, तिचा हात हलका हाय. आधीच्या नऊ पावसाळ्यांत याच पायांना मालुबाईनं रोज तेल चोळलं होतं. तेव्हा हाताच्या जडपणाबद्दल कुणी बोललं नव्हतं.

मालुबाई रोज सकाळी शाळेतल्या मारुतीराव मास्तरांकडं दुधाचा रतीब घालायला जाई. मास्तर इंग्रजी तीन यत्ता शिकलेले, घरात जाडजूड शब्दकोश बाळगणारे. एके दिवशी दूध ओतता ओतता तिनं विचारलं, की पुअर म्हणजे काय? मास्तरांनी कौतुकानं कोश काढला. पुअर म्हणजे गरीब, दरिद्री. आणि थिंग? थिंग म्हणजे वस्तू, पदार्थ.

"दोन्ही एकत्र म्हटलं तर?"

मास्तरांनी चष्मा वर केला. म्हणाले, एकत्र आले म्हणजे कधीकधी निराळाच अर्थ होतो. कोण कुणाला कशावरून म्हणालं ते सांगा, म्हणजे नीट सांगता येईल. मालुबाई म्हणाली, कुणी न्हाय, टेसनावर कानावर पडलं. आणि चरवी उचलून निघाली. मास्तर मागून थांबा म्हणत होते. ती थांबली नाही. तिला पाहिजे ते तिच्या हातात आलं होतं, आणि आणखी थोडा वेळ थांबलं तर ते हातातून जाईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दुपारी मनुबाई ओढ्यावर गेली होती. मालुबाई सासूच्या केसांना तेल लावत होती. तिनं आवाजात जरा दुःख आणून सांगितलं, की सांगू नये, पण मनाला लागलंय म्हणून सांगते. तुम्ही पडला त्या दिवशी धाकटी तुम्हांला काय म्हणत होती ठाऊक आहे? मी मास्तरांना विचारलं. त्यांनी पुस्तकात बघून सांगितलं. दरिद्री वस्तू.

गुणाबाईची मान तिच्या हाताखाली एकदम ताठ झाली. ऐन तारुण्यात नवरा गेल्यावर तीन पोरांना घेऊन लोकांच्या बांधावर राबलेली बाई ती. दरिद्री हा शब्द तिला कुणी कुणी कसा कसा ऐकवला होता, ते तिचं तिलाच ठाऊक. ती एवढंच म्हणाली, बस झालं तेल.

संध्याकाळी मनुबाईनं पेजेची वाटी पुढं केली तर म्हातारीनं ती हातानं बाजूला सारली. दुसऱ्या दिवशी लेप लावू दिला नाही. भिंतीला धरून, तोंड आवळून, एकटी परसात जाऊ लागली. मनुबाई बावरून गेली. तिनं मालुबाईलाच विचारलं, की आक्का, आत्ती माझ्यावर का रुसल्यात? मालुबाई म्हणाली, म्हातारं माणूस, चालायचंच. मनुबाईला काही उमजेना, तेव्हा तिनं तिला येत होतं ते केलं. म्हातारीच्या पायाशी जाऊन बसली आणि म्हणाली, "सॉरी, आत्ती."

गुणाबाई एरवी कधी न चढणारा आवाज चढवून म्हणाली, "त्या बोलीत माझ्यासंगं बोलू नगंस. दरिद्री वस्तू हाय मी, तर माझ्या घरात कशाला ऱ्हातीस?"

मनुबाईला त्यातलं अक्षर कळलं नाही. पण घरात राहू नको, एवढं कळलं. शामू तापट. त्यानं आईला खोदून खोदून विचारलं, की हे कुणी भरवलं तुझ्या डोक्यात. म्हातारीनं थोरल्या सुनेचं नाव घेतलं नाही. म्हणाली, मला कान हायत. शामूनं त्याच आठवड्यात लोंढ्याला बदली मागितली. लोंढा मोठं जंक्शन, माणसं लागायचीच. महिन्याच्या आत दोघं आपली ट्रंक आणि भांडी घेऊन रेल्वेच्या चाळीतल्या खोलीत राहायला गेली. निघताना मनुबाई मालुबाईच्या पाया पडली. मालुबाईनं आशीर्वाद दिला आणि आत जाऊन दुधाला विरजण लावलं.

आठ दिवस तिला मोकळं वाटलं. घर पुन्हा तिचं झालं. लेकीनं एकदा प्लीज म्हटलं तर तिनं पाठीत धपाटा घातला आणि तो शब्दही संपला. सासूच्या पायाला तेल पुन्हा तीच चोळू लागली. पण म्हातारीचं काहीतरी बिघडलं होतं. वाढायला गेलं की ती म्हणे, वस्तूला किती लागतंय, अर्धी भाकरी पुरे. ऊन तोंडावर आलं की म्हणे, ही वस्तू जरा सावलीत सारून ठेव. ती रागानं बोलत नसे, टोमणाही नसे तो. आपलं नाव सांगावं तसं म्हणायची. मालुबाईला पहिल्यांदा वाटलं, चार दिवसांत विसरेल. म्हातारी विसरली नाही. रोज एकदा-दोनदा तो शब्द येई, आणि दर वेळी मालुबाईच्या हातातलं काम थांबे.

मळणीला शामूला बोलवायला मष्णू लोंढ्याला जाऊन आला. भाऊ आला नाही. ड्युटी आहे म्हणाला, पण मष्णूला चहासुद्धा त्यानं उभ्यानंच दिला. मष्णूनं एकट्यानं खळं केलं. दुपारी भाकरी घेऊन मालुबाई गेली तर तो मळणीच्या बैलांची पात सोडून, गुडघ्यांवर हात टाकून नुसताच बसला होता. तिच्याकडं न बघता म्हणाला, आमचं दोघांचं कधी भांडाण न्हाय गं झालं. लहानपणापासनं न्हाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी, माहेरच्या माणसाला निरोप द्यायचा आहे असं सांगून मालुबाई लोंढ्याच्या गाडीत बसली. एकटीनं गाडीत बसायची तिची पहिलीच वेळ. आपण कशासाठी चाललोय हे तिनं स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं.

शामू कामावर होता. मनुबाईनं दार उघडलं, पाट दिला, चहा टाकला. रीतीत कुठं कमी केलं नाही. पण तिचं बोलणं पार बदललं होतं. बसा, घ्या, बरं हाय. कॅम्पातला एकही शब्द तिच्या तोंडून आला नाही. मालुबाईनं चहा तसाच ठेवला आणि मास्तरांपासून सगळं सांगून टाकलं.

मनुबाई ऐकत होती. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "थिंग म्हंजे वस्तू?"

"मास्तर तसंच म्हणाले."

"मला ठाऊकच नव्हतं, आक्का. बेबी पडली, की मडम तिला मांडीवर घेऊन असं म्हणायची. म्हणून मी बी म्हणायची. कुणाला लागलं, कुणाची कीव आली, की जवळ घ्यायचं आन् म्हणायचं. त्यात दोन शब्द हायत ह्येबी मला ठाऊक न्हाय." तिनं मालुबाईकडं बघितलं. "तुमाला ठाऊक हुतं?"

खोटं बोलायला अजून जागा होती. मालुबाईला ती दिसलीही. पण ती म्हणाली, "मास्तरांनी सांगितल्यालं ठाऊक हुतं. आन् तू आत्तीला कशी धरलीतीस, तेबी बघितलं हुतं."

मनुबाईनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "तर मग बघितल्यालं सांगायचं हुतं."

मालुबाईनं विचारलं, की तू येऊन आत्तीची समजूत घालशील का. मनुबाईनं मान हलवली. म्हणाली, म्या का सांगू, तुमी सांगितलंय, तुमीच सांगा. तिनं आवाज चढवला नाही की रडली नाही. गाडीची वेळ झाली तेव्हा दारापर्यंत आली आणि मालुबाई चाळीच्या टोकाला वळायच्या आत दार लावून घेतलं.

मालुबाई घरी पोचली तेव्हा गुणाबाई पडवीत उन्हाला बसली होती. लुगडंही न बदलता मालुबाई तिच्यापुढं बसली आणि एका दमात बोलली. त्याचा अर्थ बिचारी असा होता. कीव आली, माया आली की म्हणतात. मला त्या वेळीच कळलं होतं. मी पुस्तकातलं आणून तुमच्या पुढ्यात टाकलं.

म्हातारीचे डोळे तिच्या तोंडावर होते. तिनं एवढंच विचारलं, "का गं?"

"मला बघवत न्हवतं."

"काय बघवत न्हवतं?"

मालुबाईला नीट सांगता येईना. कालवड, तांब्या, पायाचा लेप, सगळं एकदम आठवलं आणि त्यातलं काहीच कारण म्हणून पुरं पडेना. शेवटी ती म्हणाली, "तिच्यासंगं समदी कशी बोलत हुती, ते."

गुणाबाईनं नजर काढून घेतली. अंगणात कोंबड्या मळणीतले दाणे टिपत होत्या, त्यांच्याकडं बघत राहिली. संध्याकाळी मष्णू आल्यावर तिनं त्याला जवळ बोलावून सांगितलं, की मला लोंढ्याला पोचव, काही दिवस धाकटीकडं ऱ्हाणार हाय. का, ते तिनं सांगितलं नाही. ते मालुबाईनंच सांगितलं, त्याचं जेवण झाल्यावर. मष्णू ऐकून उठला, हात धुतला आणि बैलांना वैरण टाकायला निघून गेला.

सकाळच्या गाडीला म्हातारीला घेऊन तिघं स्टेशनावर गेली. गठुडं मालुबाईच्या डोक्यावर होतं. मष्णूनं आईला जवळजवळ उचलूनच डब्यात बसवलं. मष्णूनं रात्रीच स्टेशनातून निरोप धाडला होता, म्हणून शामू पहाटेच्या गाडीनं लोंढ्याहून आईला न्यायला आला होता; त्यानं भावाला नमस्कार केला, वैनीकडं बघितलं नाही. गाडी हलली. म्हातारी खिडकीत होती. तिनं हात वर केला, पण तो दोघांपैकी कुणाला, ते मालुबाईला कळलं नाही.

परतताना मष्णू नेहमीसारखा पुढं चालत होता. रानातली पायवाट लागल्यावर तो पाठमोराच बोलायला लागला.

"वंगाळ केलंस. लई वंगाळ केलंस."

"व्हय."

तो पन्नासेक पावलं चालला. मग म्हणाला, "ती दोगं पडवीत बोलत बसायची, तवा मी गोठ्यात असायचो. काम नसलं तरी असायचो. ऐकत."

मालुबाईची पावलं थांबली, तसा तोही पाठमोराच थांबला.

"शाम्याला बायकोसंगं बोलाय येतंय. धाकटा हाय, पर त्याला येतंय. मला न्हाय येत. त्याचं हसणं ऐकून मला कधीकधी वाटायचं, ही जावीत हितनं. माझाच भाऊ, आन् मला असं वाटायचं."

"कधी बोलला न्हाईसा."

"बोलाय येत न्हाय, म्हणूनच तर सांगाय लागलोय," मष्णू म्हणाला आणि पुन्हा चालायला लागला.

तिला खूप काही विचारायचं होतं. पण ते कुठून धरायचं हे तिला सुचेना, आणि तोही मागं वळला नाही. घरी गेल्यावर त्यानं सांगितलं, की भाताचं पिंजर अजून खळ्यावरच पडलंय, आज गंजी रचायला पाहिजे. ती म्हणाली, मी येते. दिवसभर तो वर उभा राहून रचत होता, ती खालून पेंढ्या फेकत होती. हं, थांब, आता दे, इकडं जरा. एवढंच बोलणं चाललं होतं. पण उन्हं उतरेपर्यंत ते थांबलं नाही.

गुणाबाई होळीला परत आली. मनुबाई तिला सोडायला आली होती आणि तिला तिसरा महिना होता. शामू आला नाही. त्यानंतर कित्येक वर्षं तो वैनीच्या हातचं जेवला नाही. मनुबाईनं सगळ्यांची विचारपूस केली, पोरीला जवळ घेतलं, मालुबाईला आक्काच म्हणाली. तिचं बोलणं अगदी इथल्या कुठल्याही सुनेसारखं होतं. मालुबाई दिवसभर तिच्या तोंडाकडं कान लावून होती आणि अशी कान लावून असलेली ती तिची तिलाच दिसत होती.

दुपारी म्हातारी पडवीत कलंडली, ती मनुबाईच्या मांडीवर डोकं ठेवून. मनुबाई तिच्या केसांतून बोटं फिरवत काहीतरी हळू हळू बोलत होती. काय बोलत होती, कुठल्या बोलीत, ते चुलीपर्यंत ऐकू येत नव्हतं. दोघी एकदम हसल्या. मालुबाईच्या काळजात तीच जुनी कळ उठली, जशीच्या तशी, जराही कमी नाही. तिनं पाटा जवळ ओढला आणि पुरण वाटायला घेतलं.